एकही उत्तर न शोधता उत्तरं किती ते सांगायचं: क्ष³ + क्ष + १ आणि १०१

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्याला पण कळेल. खानापूर तालुक्यातला एक एमएस्सीचा पोरगा विचारतोय, क्ष³ + क्ष + १ ला १०१ ने भागल्यावर बाकी शून्य यायला पाहिजे, तर ० ते १०० मधले किती क्ष चालतात. पावसात दोन दिवस करंट नव्हता म्हणून त्याने वहीत हातानेच एकेक किंमत घालून बघितली आणि त्याला एकच उत्तर मिळालं, क्ष = १०. आता त्याचं म्हणणं, प्राईम १०००७ असला तर काय असंच घालत बसायचं काय, आणि क्ष बरोबर य पण आला तर मग मेलोच की.

आधी वाईट बातमी. तुझं उत्तर चुकलंय. तुझ्या वहीतली एकही ओळ मी तपासली नव्हती तेव्हाच मला हे माहीत होतं, कारण या समीकरणाला १०१ वर एकच उत्तर येणं शक्यच नाही, येतील तर तीन येतील नाहीतर एकही येणार नाही. मग १० कुठून आला म्हणून बघितलं तर लगेच सापडलं. १० चा घन १०००, त्यात १० मिळवले की १०१०, आणि १०१० म्हणजे बरोबर १०१ च्या दहापट, तिथं तुला आनंद झाला असणार आणि शेवटचा एक मिळवायचा राहिला. बाकी शून्य नाही, १ आहे. मेणबत्तीच्या उजेडात होतं असं, माझं तर भर उजेडात झालंय, ते पुढे सांगतो.

एक शब्दाचा घोळ आधी मिटवू. आपल्याकडं मराठी माध्यमात प्राईमला मूळ संख्या म्हणतात, शेजारच्या कन्नड माध्यमाच्या वर्गात अविभाज्य संख्ये म्हणतात, आणि समीकरणाच्या उत्तराला आपण परत मूळच म्हणतो. म्हणजे ‘मूळ संख्येवर मुळं किती’ असलं वाक्य तयार होतं आणि पोरं हसत बसतात. म्हणून मी सरळ प्राईम आणि उत्तर म्हणतो. प्राईमला प हे अक्षर, आणि ‘मॉड १०१’ म्हणजे १०१ ने भागून फक्त बाकी बघायची.

आता, शून्य किंवा तीन हे मला कसं कळलं. समज एकच उत्तर आहे, र म्हणू त्याला. मग क्ष³ + क्ष + १ मधून (क्ष − र) बाहेर काढला की एक वर्गसमीकरण उरतं आणि त्याला मॉड १०१ मध्ये उत्तर नाही. वर्गसमीकरणाला उत्तर नाही म्हणजे त्याचा डिस्क्रिमिनंट, तो दहावीतला ब² − ४अक, मॉड १०१ मध्ये कोणाचाच वर्ग नाही. आणि गंमत अशी की घनसमीकरणाचा डिस्क्रिमिनंट म्हणजे त्या वर्गसमीकरणाचा डिस्क्रिमिनंट गुणिले एक पूर्ण वर्ग (वर्गसमीकरणात र घालून जे येतं त्याचा वर्ग). म्हणजे एकच उत्तर असेल तर सगळ्या घनसमीकरणाचा डिस्क्रिमिनंट सुद्धा वर्ग असता कामा नये. क्ष³ + अक्ष + ब चा डिस्क्रिमिनंट −४अ³ − २७ब², आपल्या इथं −४ − २७ = −३१. मॉड १०१ मध्ये −३१ म्हणजे ७०. आणि २६ चा वर्ग बघ: ६७६, त्यातून ६०६ काढले की ७०. झालं की! ७० हा वर्ग निघाला, म्हणून एकच उत्तर असूच शकत नाही. आणि दोन वेगवेगळी उत्तरं कधी येतील तर एखादं उत्तर डबल झालं तर, त्याला डिस्क्रिमिनंट शून्य पाहिजे, इथं ७० आहे. राहिलं शून्य किंवा तीन. या सगळ्यात मी क्ष च्या जागी एकदा तरी काही घातलं काय?

मला या विषयात सगळ्यात आवडतं ते हेच, किती आहेत ते कळायला कुठं आहेत ते कळावं लागत नाही. पहिल्या वर्षी पोरं येतात ती सगळी तुझ्यासारखीच शोधायला लागतात, दोष नाही तुमचा, शाळेत ‘सोडवा’ एवढंच शिकवलेलं असतं, ‘मोजा’ म्हणून कोण सांगत नाही.

शून्य की तीन हे ठरवायचं कसं, त्याला एक रीत आहे जी कुठल्याही एका अक्षराच्या पॉलिनॉमियलला (बहुपदीला) चालते, आणि परीक्षेत नाही आली तरी कामाला येते. फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की मॉड प मध्ये प्रत्येक क्ष साठी ‘क्ष चा प वा घात वजा क्ष’ शून्य होतो. म्हणजे हा जो मोठा पॉलिनॉमियल आहे त्यात प च्या प सगळ्या बाक्या एकेकदा गुंफलेल्या आहेत. त्याचा आणि तुझ्या पॉलिनॉमियलचा मसावि काढ. मसाविची जी डिग्री येईल तेवढी वेगवेगळी उत्तरं, कमी नाही जास्त नाही.

लहानावर करून दाखवतो, मॉड ७. क्ष³ + क्ष + १ शून्य मानला म्हणजे क्ष³ च्या जागी −क्ष − १ लिहायला मोकळीक. मग सहावा घात = (क्ष + १)² = क्ष² + २क्ष + १. सातवा घात = क्ष³ + २क्ष² + क्ष, त्यात परत क्ष³ बदलला की उरतं २क्ष² − १. यातून क्ष वजा केला की २क्ष² − क्ष − १, म्हणजे (२क्ष + १)(क्ष − १). याची उत्तरं मॉड ७ मध्ये १ आणि ३. ती मूळ पॉलिनॉमियलमध्ये घातली की १ ला ३ येतो, ३ ला ३१ म्हणजे बाकी परत ३. दोन्हीकडं शून्य नाही, सामाईक काही नाही, मसाविची डिग्री शून्य, उत्तरं शून्य. सातवर ही रीत म्हणजे उंदराला तोफ, ते मान्य. खरं १०००७ वर घात चढवायला वर्गावर वर्ग करत गेलं तर तेरा वेळा वर्ग करून भागतं, मधे सात गुणाकार, दहा हजार किमती घालायला नको. (खरं म्हणजे इथं ‘पण’, बेळगावच्या बाहेरच्यांनी गोंधळू नये.)

या तुझ्या पॉलिनॉमियलला मात्र आणखी एक नशीब लाभलंय. −३१ हा मॉड प मध्ये वर्ग आहे की नाही हे बघायला प ला ३१ ने भागून जी बाकी येते ती ३१ वर वर्ग आहे का एवढं बघितलं तरी पुरतं, ही गाऊसची रेसिप्रॉसिटी. १०१ ची बाकी ८, आणि १५ चा वर्ग २२५ = २१७ + ८, म्हणजे ८ वर्ग आहे, वरच्याशी जुळलं. ११ घेतलास तर ११ हा ३१ वर वर्ग नाही, म्हणून मॉड ११ वर बरोबर एक उत्तर, आणि ते २ आहे कारण ८ + २ + १ = ११. आणि तीन उत्तरं कधी येतात? (३१ सोडून) प जर अ² + ३१ब² असा लिहिता आला तरच. हे का, ते क्लास फील्ड थिअरीत जातं, −३१ चा क्लास नंबर ३ आहे त्यातून येतं, इथं ते उघडत बसलो तर रात्र होईल. वापरून बघ मात्र. ४७ = १६ + ३१, म्हणून तीन उत्तरं पाहिजेत, आणि आहेत: २५, ३४, ३५. पस्तीस म्हणजे −१२, चौतीस म्हणजे −१३. −१३ घातलास तर −२१९७ − १३ + १ = −२२०९, आणि २२०९ हा बरोबर ४७ चा वर्ग निघतो, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी वहीवर तारीख लिहून ठेवली होती.

१०१ साठी: १०१ स्वतः वर्ग नाही, १०१ − ३१ = ७० वर्ग नाही, १०१ − १२४ ऋण. संपलं, म्हणून शून्य. तुझ्या १०००७ चं पण इथंच करून टाकू. ३१ ने भागून बाकी २५, तो ५ चा वर्ग, म्हणून शून्य किंवा तीन. मग १०००७ मधून ३१ × १, ३१ × ४, ३१ × ९ असं वजा करत जायचं, ब १७ पर्यंतच जातो, १८ ला १००४४ होतं. सतरा वजाबाक्या मी चहा थंड व्हायच्या आत केल्या. दोनदा तोंडाला पाणी सुटलं, ब = १३ ला ४७६८ येतं आणि ६९ चा वर्ग ४७६१, ब = १५ ला ३०३२ येतं आणि ५५ चा वर्ग ३०२५, दोन्ही सातने हुकले. एकही बसला नाही. म्हणून १०००७ वर सुद्धा उत्तर शून्य.

३१ वर काय होतं ते विचारशील म्हणून: तिथं डिस्क्रिमिनंटच शून्य, ३ हे एक उत्तर (२७ + ३ + १) आणि १४ हे डबल उत्तर, म्हणजे वेगवेगळी दोन. असा प्राईम फक्त हा एकच.

सगळ्या प्राईमवर मिळून बघितलं तर सहातल्या एका वाट्याला तीन उत्तरं, निम्म्यांना एक, आणि तिसऱ्या हिश्शाला शून्य. सरासरी काढ, तीन गुणिले एक षष्ठांश आणि वर अर्धा, बरोबर १. हा योगायोग नाही, पूर्णांकांवर ज्याचे तुकडे पडत नाहीत अशा कुठल्याही पॉलिनॉमियलला दर प्राईममागे सरासरी एकच उत्तर येतं, डिग्री तीन असो की तीस. फ्रोबेनियसने १८९६ मध्ये छापलेल्या घनतेच्या सिद्धांतातून हे निघतं. म्हणजे तुला एक मिळालं ते सरासरीला धरून होतं, एवढंच समाधान मान.

क्ष चा न वा घात = अ, असला साधा प्रकार परीक्षेत हमखास येतो, त्याचा नियम पाठ पाहिजेच: अ शून्य नसेल तर उत्तरं एक तर शून्य, नाहीतर न आणि (प − १) यांच्या मसाविएवढी. पाठ करताना कारण पण डोक्यात ठेव. माझ्या लहानपणी वडगावात आमच्या घरी माग होता. काठाचं डिझाईन सहा धाग्यांनी रिपीट होतंय समज, आणि तू दर तिसऱ्या धाग्याला खूण करत गेलास, तर डिझाईनमधल्या दोनच जागांवर खुणा पडत राहतात, परत परत त्याच. दर पाचव्या धाग्याला केलीस तर फिरत फिरत सहाच्या सहा जागा भरतात. मॉड ७ मध्ये ३ चे घात घे: ३, २, ६, ४, ५, १, मग परत ३. हा सहाचा रिपीट. घन करणं म्हणजे दर तिसरा धागा, म्हणून मॉड ७ मध्ये घन फक्त १ आणि ६ हे दोनच, पण प्रत्येकाला तीन-तीन घनमुळं (१ ची १, २, ४). आणि पाचवा घात केला की प्रत्येकाला बरोबर एक. पाठ्यपुस्तकात याला प्रिमिटिव्ह रूट म्हणून चार पानं आहेत, मला मागावरच कळलं होतं असं म्हटलं तर खोटं होईल, खरं पुढं कॉलेजात कळलं तेव्हा मागच आठवला.

आता माझी फजिती. ‘डिग्रीपेक्षा जास्त उत्तरं येत नाहीत’ हा लाग्रांजचा नियम प्राईमवरच चालतो, हे मी वर्गात घसा बसेस्तोवर सांगतो. आणि एका वर्षी चाचणीचा पेपर काढताना मीच लिहिलं, ‘क्ष² = १ ला मॉड ९१ मध्ये उत्तरं किती ते कारणासह सांगा’. ९१ दिसतोच तसा, प्राईमसारखा. माझ्या उत्तरपत्रिकेत दोन: १ आणि ९०. येळ्ळूरची एक मुलगी पेपर झाल्यावर थांबली आणि म्हणाली, सर, २७ पण बसतंय की. २७ चा वर्ग ७२९, आणि ९१ आठे ७२८. मी फळ्याकडं बघतच राहिलो. ९१ म्हणजे ७ गुणिले १३, सातवर दोन उत्तरं, तेरावर दोन, चायनीज रिमेंडरने (सातवरची आणि तेरावरची बाकी जोडून ९१ वरची एकच बाकी काढायची रीत) जोड्या चार: १, २७, ६४, ९०. सगळ्या पोरांना त्या प्रश्नाचे पूर्ण मार्क दिले आणि तिला एक जास्त. तेव्हापासून प्रश्न काढताना आधी ७, ११, १३ ने भागून बघतो. तू पण बघत जा, ‘दिसतोय प्राईम’ हे काही सर्टिफिकेट नव्हे.

दोन अक्षरांकडं येऊ, तू मेलोच म्हणालास ते. इथं अपेक्षा साधी ठेवायची: क्ष आणि य च्या प × प जोड्या, प्रत्येक जोडीला अट पाळायचा चान्स साधारण प मध्ये एक, म्हणून उत्तरं साधारण प. सगळा खेळ या ‘साधारण’मध्ये आहे, प पासून किती सरकतं त्यात.

वर्तुळ, क्ष² + य² = १, हे सगळ्यात शहाणं. (−१, ० ) या बिंदूतून प्रत्येक उताराची रेघ मार, ती वर्तुळाला आणखी एकाच ठिकाणी भेटते, फक्त उताराचा वर्ग −१ होत असेल तर भेटत नाही. −१ हा वर्ग असतो तो प ला ४ ने भागून बाकी १ असेल तेव्हा. म्हणून (उतार प, आणि सुरुवातीचा बिंदू मिळवून) तेव्हा उत्तरं प − १, आणि बाकी ३ असेल तेव्हा प + १. मॉड ७ ला ८, मॉड १३ ला १२. एकच्या पुढं सरकत नाही.

मग य² = क्ष³ − क्ष घे. हे मी दरवर्षी पोरांना पूर्ण हाताने करायला लावतो, कारण इथं दोन वेगवेगळी जगं एकाच समीकरणात दिसतात. प ची ४ वर बाकी ३ असेल, म्हणजे ७, ११, १९ असले प्राईम, तर उत्तरं बरोबर प. कारण असं: क्ष च्या जागी −क्ष घातला की उजवी बाजू फक्त चिन्ह बदलते, आणि या प्राईमवर −१ वर्ग नसल्यामुळं एखादी संख्या आणि तिची ऋण यातली बरोबर एकच वर्ग असते. म्हणजे क्ष आणि −क्ष या जोडीतल्या एकाला य च्या दोन किमती, दुसऱ्याला काही नाही, सरासरी प्रत्येकी एक. ०, १ आणि −१ ला उजवी बाजू शून्य, तिथं य = ० हा एकच. बेरीज प. नुसत्या जोड्या लावून काम झालं.

बाकी १ असेल तर ही जोडी फसते, कारण आता क्ष आणि −क्ष दोघं एकदमच पास होतात नाहीतर एकदमच नापास. मॉड १३ करून बघ. वर्ग आहेत १, ३, ४, ९, १०, १२. क्ष = २ ला ६, नापास. ३ ला २४ म्हणजे ११, नापास. ४ ला ६० म्हणजे ८, नापास. ५ ला १२० म्हणजे ३, पास. ६ ला २१० म्हणजे २, नापास. पास एकटा ५, आणि त्याच्याबरोबर ८. त्या दोघांची चार उत्तरं आणि वरची तीन, एकूण ७. अपेक्षा तेराची आणि आले सात. मॉड ५ ला ७ येतात, मॉड १७ ला १५, मॉड २९ ला ३९. प पासूनचं अंतर बघ: ५ ला +२, १३ ला −६, १७ ला −२, २९ ला +१०. आता हे प्राईम दोन वर्गांच्या बेरजेत लिही: १ + ४, ९ + ४, १ + १६, २५ + ४. विषम वर्ग ज्याचा आहे तो घे, १, ३, १, ५, आणि दुप्पट कर. २, ६, २, १०. फळ्यावर हे चार आकडे एकाखाली एक आले की मागच्या बाकावरची पोरं पण मोबाईल खाली ठेवतात.

गाऊसने जवळजवळ हेच बघितलं होतं. त्याच्या खासगी डायरीतली शेवटची नोंद ९ जुलै १८१४ ची आहे, समीकरण क्ष² + य² + क्ष²य² = १, आणि उत्तरांचा आकडा प च्या दोन वर्गांच्या बेरजेवरून सांगितलाय, अनंतावरचे चार बिंदू मोजायला धरून. सिद्धता दिली नव्हती, आकडे बघून लिहिलं होतं, ती सिद्धता हेरग्लोट्झने १९२१ मध्ये दिली. म्हणजे तू वहीत आकडे भरत बसलास ते काही हलकं काम नाही, गाऊस पण तेच करायचा, फक्त तो शेवटचा एक मिळवायला विसरत नसावा.

क्ष च्या कुठल्याही चांगल्या घनासाठी (डबल उत्तर नसलेल्या) य² = घन याची उत्तरं प पासून जास्तीत जास्त २√प एवढीच सरकतात. हे हासेने १९३३ च्या सुमाराला सिद्ध केलं. १३ ला २√१३ म्हणजे ७.२, आणि आपण ६ ने सरकलो होतो, २९ ला १०.८ आणि आपण १०. म्हणजे ही मर्यादा ढिली नाही, अगदी कडेपर्यंत आकडे जातात. पुढं कुठल्याही वक्रासाठी आंद्रे वेलने केलं, १९४० मध्ये त्याची पहिली घोषणा केली तेव्हा तो फ्रान्समधल्या रूआंच्या तुरुंगात होता. हाच वेल १९३० ते १९३२ अलीगढला प्रोफेसर होता, हे आपल्या पोरांना सांगितलं की जरा जवळचा वाटतो. दोनपेक्षा जास्त अक्षरांचं वेलने नुसतं भाकीत केलं होतं, ते पूर्णपणे दलीनने १९७४ ला संपवलं, ती लढाई एमएस्सीच्या बाहेरची.

अक्षरं डिग्रीपेक्षा जास्त असली तर मात्र एक फुकटचा नियम मिळतो, १९३५ चा, शेव्हाली आणि वॉर्निंग यांचा: उत्तरांचा आकडा प ने पूर्ण भागला जातो. क्ष² + य² + झ² = ० मॉड ३ घे. एक तर तिन्ही शून्य, नाहीतर तिन्ही शून्य नसलेले (प्रत्येकाचा वर्ग १, बेरीज ३). म्हणजे १ + ८ = ९. भागतंय. सिद्धता एका श्वासाची आहे. पॉलिनॉमियलला फ म्हण. फ = ० असेल तर १ वजा फ चा (प − १) वा घात म्हणजे १, नसेल तर फर्मामुळं ०. सगळ्या जोड्यांवर याची बेरीज केली की उत्तरांचा आकडा मिळतो, मॉड प. आता कंस सोडवले की प्रत्येक पदात कुठल्यातरी एका अक्षराचा घात प − १ पेक्षा कमी असतो, कारण डिग्री पुरत नाही, आणि अशा घातांची सगळ्या बाक्यांवरची बेरीज शून्य होते. का? सगळ्या बाक्यांना त्या मघाच्या ३ सारख्या संख्येने गुणलं तरी बाक्या त्याच राहतात, नुसत्या जागा बदलतात, म्हणजे बेरीज तीच, आणि तरी ती एका १ नसलेल्या संख्येने गुणली गेली. असं फक्त शून्याचंच होतं. (घातच शून्य असेल तर १ च प वेळा मिळवला, तो पण शून्यच.) याचा उपयोग: सगळं शून्य हे एक उत्तर माहीत असेल तर दुसरं असलंच पाहिजे, कारण एकटा १ प ने भागला जात नाही. परत तेच, सापडलं नाही खरं आहे हे नक्की.

आणि हे सगळं कशाला म्हणून घरचे विचारतील, त्यांना सांग की फोनवरून बँकेची साईट उघडतोस तेव्हा मागं बऱ्याचदा य² = घन असाच वक्र चाललेला असतो, प ७८ अंकी. तिथं उत्तरं किती हे आधी नेमकं माहीत पाहिजे, नाहीतर वक्र कच्चा आहे की पक्का ते कळत नाही. ७८ अंकी प्राईमवर एकेक किंमत घालायची सोय नाही. स्कूफने १९८५ ला रीत काढली: हासेमुळं आकडा कुठल्या पट्ट्यात आहे ते माहीत, मग तो आकडा ३ वर, ५ वर, ७ वर काय बाकी ठेवतो ते वेगवेगळं काढायचं, आणि चायनीज रिमेंडरने जोडायचं. माझ्या त्या ९१ च्या फजितीतलंच हत्यार.

तर ती वही फेकू नको. तुझ्याकडं ० ते १०० प्रत्येक क्ष साठी क्ष³ + क्ष + १ ची बाकी मॉड १०१ लिहिलेली आहेच. आता १ ते ५० चे वर्ग काढून पन्नास बाक्यांची एक यादी कर, आणि प्रत्येक ओळीपुढं खूण कर, यादीत असेल तर २, नसेल तर ०. बेरीज केलीस की य² = क्ष³ + क्ष + १ ची मॉड १०१ वरची उत्तरं मिळाली. २√१०१ म्हणजे २० च्या किंचित वर, म्हणून आकडा ८१ ते १२१ मध्ये पाहिजे, आणि सम पाहिजे, कारण कुठल्याच ओळीत शून्य येत नाही हे आपण वर ठरवलंय. ८१ च्या खाली किंवा विषम आला तर परत कुठंतरी एक मिळवायचा राहिलाय असं समज. १० च्या ओळीपासून बघायला लाग.